संपन्न झाल्यावर नव्हे, होण्याआधी सांगा

प्रति,
सोलापुरात व्याख्याने, कार्यशाळा आणि चर्चासत्रे भरवणारे सर्व विभागप्रमुख, समन्वयक आणि त्यांच्या कागदांवर सही करणारे वरिष्ठ, यांस

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मोबाईलवर एक जाहिरात पाठवली. ती एम. एस्सी. करते. तिच्याकडे येत्या महिन्यात होणारे तीन कार्यक्रम त्यात होते. पहिला, व्याख्यान: जेकार्ड मागापासून संगणकापर्यंत. दुसरा, नैसर्गिक रंगाईची दोन दिवसांची कार्यशाळा. तिसरा, सोलापूरच्या पाण्यावर चर्चा. खाली तिचा निरोप होता, "मामा, पहिलं तुमच्यासाठीच आहे." मी खूश झालो. चष्मा लावून, दोन बोटांनी जाहिरात मोठी करून शेवटपर्यंत वाचली. तळाला बारीक अक्षरांत होतं: फक्त अंतर्गत विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी. बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही.

भाचीला विचारलं तर म्हणाली, या सत्रापासून सगळ्याच कार्यक्रमांना हा नियम केलाय.

त्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. एक तर भाचीचं अजून एक वर्ष जायचंय. दुसरं म्हणजे, एकाच दारावर हे पत्र चिकटवलं तर बाकीची दारं म्हणतील, आमच्याकडे तसं काही नाही. गेल्या पाच-सहा वर्षांत मी अशा बऱ्याच दारांशी उभा राहिलोय. कुठे पाटी लावून अडवतात, कुठे पाटी न लावता. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

आधी माझी ओळख. साखर पेठेत राहतो. घरात तेलुगू, शाळा मराठी, अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाशी कानडी आणि उधारी मागताना हिंदी. वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. मी 34 वर्षं चादरीची डिझाइनं करतो. ग्राफवर नक्षी काढायची आणि तिची कार्डं पाडायची, हा माझा धंदा. बाजारात मला मास्तर म्हणतात, पण शाळेचा मास्तर मी नाही. शिक्षण दहावी.

जेकार्डचं कार्ड आपल्यापैकी अनेकांनी हातात घेतलं नसेल, म्हणून सांगतो. जाड पुठ्ठ्याची लांबट पट्टी असते. ग्राफवरची एक आडवी ओळ म्हणजे एक कार्ड, आणि एक कार्ड म्हणजे मागावर आडव्या धाग्याची एक फेक. कार्डात भोक असेल तिथे सुई आत शिरते, हूक उचलला जातो आणि त्याच्यासोबत उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं क्रमाने दोरीने शिवायची, त्यांची माळ मागाच्या माथ्यावर चढवायची, मग खाली मोर उमटायला लागतो. डोळ्याजवळचं एक भोक सरकलं तर मोर तिरळा होतो. मी पाडलेला एक तिरळा मोर पुरे दोनशे चादरींवर गेला होता. मालकाने त्या स्वस्तात काढल्या आणि पुढे सहा महिने मला 'तिरळे मास्तर' म्हणून हाक मारली.

आता या पत्राचं खरं कारण. साधारण 1993-94ची गोष्ट. एका गिऱ्हाइकाकडे कार्डं द्यायला गेलो होतो, तो दुकानात नव्हता. समोरच्या वाचनालयाच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेलं: आज सायंकाळी सहा वाजता व्याख्यान, सर्वांस मुक्त प्रवेश. विषय काहीतरी यंत्र आणि गणित असा होता. वेळ काढायचा म्हणून मी पिशवीसकट आत जाऊन मागच्या बाकावर बसलो. अंगावर कामाचे कपडे, केसांत सुताची पांढरी धूळ. मला कुणीही काही विचारलं नाही.

वक्ते बाहेरगावचे प्राध्यापक होते. त्यांनी फ्रान्समधल्या लिओंपासून सुरुवात केली. तिथल्या जोसेफ मारी जाकारने 1804 साली कार्डांवर चालणारा माग सिद्ध केला, त्याच्याच नावावरून आपलं जेकार्ड. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज गणितं करणारं यंत्र कल्पू लागला तेव्हा त्याने यंत्राला हुकूम द्यायला हीच भोकांची कार्डं घ्यायचं ठरवलं. त्याच्या घरी जाकारचं रेशमात विणलेलं चित्र होतं, त्याला 24,000 कार्डं लागली होती. हा आकडा ऐकून माझा खांदा दुखायला लागला. मग 1890 साली अमेरिकेची जनगणना हॉलरिथ नावाच्या माणसाने भोकांच्याच कार्डांवर मोजली, आणि तिथून गाडी संगणकापर्यंत आली. माझ्या मांडीवरच्या पिशवीत तेव्हा साडेतीनशे कार्डं होती. कमळाची.

प्रश्नांच्या वेळी मी उभा राहिलो आणि काय विचारावं ते न सुचून एक कार्ड वर धरलं. म्हटलं, "हेच का ते?" हॉल हसला. वक्ते हसले नाहीत. ते खाली उतरून मागच्या बाकापर्यंत आले, कार्ड दिव्यासमोर धरून बघितलं आणि माझा पत्ता विचारला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या माळ्याचा लाकडी जिना चढून आले. दोन तास बसले. माझ्याकडून ग्राफ समजावून घेतला आणि जाताना सांगून गेले की हे काम लवकरच पडद्यावर होईल, घाबरू नका, शिका. पुढच्या दिवाळीत मी कर्ज काढून संगणकाचा क्लास लावला. नंतर बाजारात संगणकावर डिझाइन आलं तेव्हा माझ्या वयाचे किती कारागीर घरी बसले ते साखर पेठेत कुणालाही विचारा.

त्या व्याख्यानाचा फोटो नाही. अहवाल नाही. उपस्थितांच्या यादीत माझं नाव नाही, कारण यादीच नव्हती. आज तेच व्याख्यान आपल्याकडे ठेवलं आणि मी तसाच पिशवी घेऊन आलो, तर गेटवरच्या माणसाने मला परत पाठवायचं, असं आपण लेखी ठरवलंय. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही.

गेल्या वर्षी एका परिसरात वस्त्रोद्योगावर एक दिवसाची कार्यशाळा होती. भाचीनेच कळवलं होतं. नोंदणी मोबाईलवर करायची. नाव भरलं, गाव भरलं, मग आला रकाना पीआरएनचा, म्हणजे विद्यापीठ विद्यार्थ्याला देतं त्या कायम नोंदणी क्रमांकाचा. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. भाची म्हणाली, शून्य टाका. शून्य टाकलं. पदनामात विद्यार्थी, संशोधक, प्राध्यापक असे तीनच पर्याय. मी संशोधक झालो. शुल्क 300 रुपये, प्रमाणपत्रासह. प्रमाणपत्र नको असेल तर किती, ते लिहिलं नव्हतं.

सकाळी साडेदहाला गेटवर पोहोचलो. वॉचमन म्हणाला, "मालक, आयकार्ड?" मी आधार दाखवलं. "हे न्हाई, इथलं." पंधरा मिनिटांनी भाची घ्यायला आली तेव्हा आत गेलो. त्या वॉचमनला मी दोष देत नाही, त्याला सांगितलेलं तो करत होता.

अकराचा कार्यक्रम पावणेबाराला सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय, सत्कार. सत्कारात पाहुण्यांना सोलापुरी चादर दिली. ती उलगडून दाखवली तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती माझ्या ग्राफवरची होती. मागच्या रांगेत बसून मला जरा छातीत भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग बीजभाषण सुरू झालं. मोजून 35 मिनिटं, त्यातली निम्मी इंग्रजीत. दहाव्या मिनिटाला पडद्यावर एका यंत्राचं चित्र आलं आणि खाली जेकार्ड असं लिहिलेलं. चित्र डॉबीचं होतं.

आपल्याला हा फरक किरकोळ वाटेल. डॉबीत खुंट्यांच्या पट्ट्या असतात आणि त्या धाग्यांच्या चौकटीच्या चौकटी एकदम उचलतात. त्यातून पट्टे, चौकडे, लहान बुट्ट्या निघतात. मोर, कमळ, देवळाचं शिखर डॉबीत निघत नाही, त्याला धागा न् धागा सुटा उचलणारं जेकार्डच लागतं. अंगठ्याच्या शिक्क्याला सही म्हटल्यासारखं झालं ते. मी हात वर केला. एक स्वयंसेवक मुलगी पळत आली आणि म्हणाली, "काका, प्रश्न लेखी द्यायचेत." मी चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या. चिठ्ठी मंचापर्यंत गेली, समन्वयकांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली. मग आभार आणि सामूहिक फोटो. फोटो घेणारा मोबाईलवर अक्षांश-रेखांश नीट येतायत का ते बघत होता. आले नाहीत म्हणून सगळ्यांना पुन्हा उभं केलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: कार्यशाळा उत्साहात संपन्न.

आपल्या कार्यक्रमांबद्दल आम्हाला जे काही कळतं ते या एका शब्दातून कळतं. व्याख्यान संपन्न, चर्चासत्र संपन्न, परिसंवाद थाटात संपन्न. लग्न झाल्यावर पत्रिका आली तर माणूस काय करेल? तुमच्या संकेतस्थळावरही तेच. गेल्या कार्यक्रमांचे फोटो ढिगाने, पुढचा कार्यक्रम शोधायला गेलं तर सूचना तीन दिवस आधीची, तीही इंग्रजीत आणि वाकडी स्कॅन केलेली. कार्यक्रम व्हावा म्हणून करता की झाला हे दाखवायला, असा प्रश्न मला पडतो. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विस्तार उपक्रम, म्हणजे बाहेरच्या समाजासाठी केलेले कार्यक्रम, मोजतात, त्यासाठी फोटो आणि अहवाल लागतात, हे मला भाचीच्या सरांनीच समजावून सांगितलं. लागू देत. पण मोजणाऱ्याला दाखवायला जेवढं जपता, तेवढं ऐकायला येणाऱ्याला जपत नाही, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी हंगामाची. जुलै ते डिसेंबर दोन-चार कार्यक्रम. मग जानेवारीत सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये महापूर. निधी 31 मार्चच्या आत खर्च पडला पाहिजे, हे कोणीही सांगेल. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 28ला विज्ञान दिन. या दोन दिवसांत गावात इतकी भाषणं होतात की वक्तेच कमी पडतात. आणि एप्रिल-मे कोरडे. पारा 43-44 अंशांवर गेल्यावर सोलापुरात दुपारी कोण बाहेर पडणार, हे खरं. पण संध्याकाळी सातला पडतात की. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली ती उन्हाळ्यातच आणि संध्याकाळचीच. आपल्याला उन्हाळा त्यांच्यापेक्षा जास्त मिळालाय.

वेळेबद्दल मला माझ्या अक्काचं सांगायचंय. ती 40 वर्षं विड्या वळते. राहायला कुंभारीच्या विडी घरकुलात. मध्यंतरी एका ठिकाणी विडी कामगार स्त्रियांच्या आरोग्यावर चर्चासत्र झालं, बुधवारी सकाळी अकराला. त्या वेळी विडी वळणारी बाई कुठे असते? आदल्या दिवशीचा माल कारखान्यात देऊन, पानं आणि तंबाखू घेऊन घरी परतलेली असते आणि हजाराचा हिशोब पुरा करायला सूप मांडीवर घेऊन बसलेली असते. मजुरी हजारावर मिळते, बसून ऐकण्यावर नाही. त्या चर्चासत्राची बातमी मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "माझ्या खोकल्यावर बोलायला पुण्याहून माणूस आला, बोलून गेला. खोकला इथंच हाय." मग बराच वेळ हसली आणि हसताना पुन्हा खोकली.

पाण्याच्या चर्चेचंही तेच होणार, म्हणून आत्ताच बोलतो. उजनीतून भीमेत पाणी सोडायचं, औज बंधाऱ्यात अडवायचं, टाकळीहून उचलायचं, शिवाय उजनीवरून थेट पाइपलाइन. एवढा सगळा खटाटोप करून आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. या विषयावरच्या चर्चेत जाहिरातीप्रमाणे चार वक्ते आहेत आणि चौघांच्या नावापुढे डॉक्टर आहे. ते असावेत, अभ्यास त्यांचा आहे. पण आमच्या गल्लीला पाणी सोडणारा चावीवाला त्या हॉलमध्ये असायला नको? कुठल्या भागात दाब पडत नाही, कुठली चावी किती आटे फिरवली तर कुठे पाणी जातं, हे त्याला पाठ आहे. पहाटे तीनला उठून घागरी लावणाऱ्या बायका नकोत? आपल्या नियमाने हे सगळे बाहेरील व्यक्ती. रंगाईच्या कार्यशाळेतही डाईंग हाऊसमधला एकही रंगारी असणार नाही. ज्याची नखं वर्षानुवर्षं निळी आहेत त्याला सोडून रंगावर बोलायचं म्हणजे कमाल आहे.

भाषेबद्दल थोडक्यात. वक्ता मराठी, श्रोते मराठी आणि विषयाचं नाव इंग्रजीत सव्वा ओळीचं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी फलक लावले होते. माझी मातृभाषा मराठी नाही, तरी मराठीतलं व्याख्यान मला पूर्ण समजतं. सोलापुरात तेलुगू, कानडी, उर्दू बोलणाऱ्यांचं बहुतेकांचं तसंच आहे. शब्द इंग्रजी असूद्यात, आम्हीही बीम, बॉबिन, सायझिंगच म्हणतो. वाक्यं तरी मराठी ठेवा.

आता तुमची बाजू. ती मला ठाऊक नाही असं समजू नका. अनेक विभागांत पदं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक तासाच्या पैशांवर घर चालवतात आणि वर कार्यक्रमांची धावपळही तेच करतात. भाचीच्या एका मॅडमनी पाहुण्यांच्या चहा-नाश्त्याचे पैसे स्वतःच्या पर्समधून दिले, ते अजून मिळालेले नाहीत. हॉलची क्षमता असते. बाहेरून येऊन गोंधळ घालणारेही असतात. एखाद्या वक्त्याचं नाव जाहीर झालं की निवेदनं घेऊन येणारे गट कोण नाही पाहिले? पोरींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि माझी भाची तिथेच शिकते म्हणून तो माझाही आहे. म्हणून गेटवर नाव लिहून घ्या, पिशवी तपासा, आधार बघा, जागा भरली तर दार लावा. याला माझी काहीच हरकत नाही. पण दोन माणसं गोंधळ घालतील म्हणून गावच बाहेर ठेवायचं, हे म्हणजे ढेकणापायी घर जाळण्यातलं झालं. दरवर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे लाखो माणसं चालतात, अक्षता सोहळ्याला पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी हे गाव सांभाळतं. तुमच्या व्याख्यानाला आम्ही फार तर चाळीस जण येऊ.

आणि हे आम्ही उपकार म्हणून मागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ नावाचं एक प्राधिकरणच सांगितलेलं आहे. आजीवन म्हणजे पन्नाशी उलटलेल्या दहावी पास माणसालाही त्यात धरलंय, असा मी त्याचा साधा अर्थ घेतो. 2005 सालच्या माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की सार्वजनिक संस्थांनी आपली माहिती कुणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करावी. पुढच्या महिन्यात कोणतं व्याख्यान आहे, एवढ्यासाठी दहा रुपयांचा अर्ज करायची पाळी माझ्यावर आणू नका. आणली तर मी करीन.

1931 साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा दाखला मी देणार नाही. तो आपल्या प्रत्येक प्रास्ताविकात असतो.

माझ्या मागण्या अशा:

1. 'बाहेरील व्यक्तींना प्रवेश नाही' हा नियम मागे घ्यावा. जिथे खरोखर प्रयोगशाळा, यंत्रं किंवा मोजक्या जागा आहेत तिथे तेवढं कारण लिहून संख्या ठरवावी, आणि त्यातल्या काही जागा गावासाठी ठेवाव्यात.

2. दर महिन्याच्या 1 तारखेला त्या महिन्याच्या सगळ्या कार्यक्रमांचं एक पान मराठीत काढावं. विषय, वक्ता, दिवस, वेळ, जागा, प्रवेश. ते वाचनालयांत, एसटी स्टँडवर आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत पोहोचवावं. सगळ्या संस्थांनी मिळून एकच पान काढलं तर 28 फेब्रुवारीला पाच ठिकाणी पाच व्याख्यानं होण्याचंही टळेल.

3. निम्मे तरी कार्यक्रम संध्याकाळी सहानंतर किंवा रविवारी ठेवावेत. परिसर गावाबाहेर असेल तर काही व्याख्यानं गावात आणावीत. हुतात्मा स्मृती मंदिराचं भाडं परवडणार नाही, मान्य. महापालिकेच्या शाळेचा वर्ग चालेल, आमच्या पेठेतलं समाजाचं कार्यालयही चालेल. सतरंज्या आम्ही घालू.

4. नोंदणीला दाराशी एक वही पुरे. मोबाईलचा फॉर्म ठेवायचाच असेल तर त्यात विणकर, शेतकरी, गृहिणी, निवृत्त असे रकाने असावेत. पीआरएन नसलेला माणूस शून्य नसतो.

5. ज्याला प्रमाणपत्र हवं त्याच्याकडून त्याचे पैसे घ्यावेत. ऐकायला पैसे नकोत.

6. स्वागत, परिचय, सत्कार मिळून दहा मिनिटं. प्रश्नांना किमान अर्धा तास, तोही तोंडी. चिठ्ठी पद्धत बंद करावी.

7. ज्या धंद्यावर, ज्या माणसांवर कार्यक्रम आहे त्यातला निदान एक माणूस मंचावर असावा. श्रोता म्हणून नव्हे, वक्ता म्हणून, आणि बाहेरगावच्या पाहुण्याला देता तेवढंच मानधन त्यालाही द्यावं. त्याचा दिवस बुडतो.

8. प्रत्येक व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण आणि दोन पानांचा मराठी सारांश सगळ्यांना ऐकता-वाचता येईल असा ठेवावा. अक्काला वाचता येत नाही, पण विड्या वळताना तिच्याकडे मोबाईल दिवसभर चालू असतो.

या मागण्यांपैकी कोणत्या मान्य, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, ते जाहीरपणे सांगावं. मला वेगळं पत्र नको.

येत्या महिन्यातल्या त्या पहिल्या व्याख्यानाला मी येणार आहे. अर्धा तास आधी येईन. सोबत आधार आणि मतदार ओळखपत्र असेल, आणि पिशवीत कमळाच्या त्याच जुन्या डिझाइनची कार्डं. ती मी विकली नाहीत. आत सोडलंत तर मुलांना हातात घेऊन बघता येतील, दिव्यासमोर धरली की छान दिसतात. नाही सोडलंत तर गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसेन, व्याख्यान संपल्यावर ज्याला बघायची असतील त्याने तिथे यावं. वक्त्यांनाही हा निरोप द्यावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक डिझाइन मास्तर
साखर पेठ, सोलापूर

ता. क. जाहिरातीत व्याख्यानाच्या नावाखाली छापलेलं चित्र पुन्हा डॉबीचंच आहे. मोठे फलक अजून छापायचे असतील तर बदलून घ्या. जेकार्डचा फोटो हवा असेल तर भाचीकडे निरोप द्या, मी काढून पाठवतो.